किरमिजी पट्टी

आडी अठराला, म्हणजे आडी महिन्याच्या अठराव्या दिवसाच्या पूजेला, तीन दिवस उरले होते, नव्या सालच्या कॅलेंडरांच्या नमुना-आल्बमची पहिली पाने मशीनवरून उतरली होती, आणि त्यांतल्या एका पानावर तवसीलिंगमचे नाव नव्हते.

प्रेसच्या फाईली आणि प्लेटा सांभाळणाऱ्या सुडलैमुत्तूने तो ताव टेबलावर अंथरला, चारी कोपऱ्यांवर लोखंडी वजने ठेवली, कारण आडीचा वारा शिवकाशीत कागदाला स्वस्थ पडू देत नाही, आणि खिशातले भिंग काढून पानाच्या तळाशी टेकवले. पट्टी होती. दोन बोटे रुंद, या कडेपासून त्या कडेपर्यंत गडद किरमिजी. काठ सरळ, रंग कुठे फिका नाही, कुठे साचलेला नाही. छपाई म्हणून पाहिली तर निर्दोष. फक्त पांढऱ्या अक्षरांत जिथे नाव आणि गाव असायला हवे होते तिथेही किरमिजीच होते, जणू त्या जागी कधी कुणाचे नाव नव्हतेच.

प्रेससाठी ऑर्डरी आणणारे एजंट बावीस, प्रत्येकाच्या आल्बमवर त्याचे नाव, म्हणून पहिली पानेही बावीस तऱ्हांची. एकवीस पानांवर पिवळी पट्टी आणि काळी अक्षरे. ती एकवीस नावे जागच्या जागी होती. किरमिजी पट्टी एकाच पानावर होती. गेल्या साली ज्याने सर्वांत जास्त ऑर्डरी आणल्या त्याचा मान म्हणून प्रेसचे मालक कनकवेल अण्णाच्ची यांनी ती यंदा नव्यानेच काढली होती. नेमका तो मानच पुसला गेला होता.

मशीनमन इसक्की हात पुसत जवळ आला. त्याने आधी पानाकडे पाहिले, मग सुडलैमुत्तूकडे.

“बावीसांतून बरोबर तुमच्या मापिळ्ळैंचंच गेलं,” तो म्हणाला. “आमच्या मशीनला आता नातीगोती कळायला लागली म्हणायची.”

सुडलैमुत्तूने भिंग पुन्हा पट्टीवर टेकवले. इसक्कीला जे ठाऊक होते ते प्रेसमध्ये झाडूवालीपासून मालकापर्यंत सर्वांना ठाऊक होते. तवसीलिंगम हा सुडलैमुत्तूच्या धाकट्या बहिणीचा, पेच्चियम्माचा नवरा, म्हणजे त्याचा मापिळ्ळै; आणि तवसीलिंगमला तो मच्चान. एके काळी संध्याकाळी प्रेस सुटल्यावर दोघांनी मिळून बस स्टँडमागच्या एका खोलीत लोकांच्या फाईली छपाईसाठी तयार करून देण्याचे काम चालवले होते, आणि गेली आठ वर्षे ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण झाले ते एका निमंत्रणपत्रिकेवरून. पेच्चियम्माच्या मुलीचे कान टोचायचे होते. कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसते. त्या दिवशी बापापेक्षा मामा मोठा. बहिणीने पानसुपारीच्या ताटात घालून पहिली पत्रिका भावाकडे आणली. भावाने ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली, आणि ताट तसेच ठेवून तो उठून गेला. त्याचे नाव तिच्यात नव्हते. मुलीचे कान कुणा लांबच्या मामाच्या मांडीवर टोचले गेले. दुसऱ्या दिवशी तवसीलिंगम खोलीवर आला आणि संगणकावर पत्रिकेची फाईल उघडून दाखवू लागला, की हे बघा, नाव आहे. सुडलैमुत्तूने पाहिले. नाव होते. “हे तू आज घातलंस,” एवढे म्हणून त्याने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला होता.

तसे म्हणण्याला त्याच्या मते सबळ आधार होता. सुडलैमुत्तू या धंद्यात आला तेव्हा फिल्मचे तुकडे कापून हातांनी चिकटवावे लागत. वाऱ्याच्या एका झोताने तिथी सरकून वाराखाली जाई. पुढे संगणक आले आणि वेगळाच छळ सुरू झाला. मदुरैला लिहिलेला मजकूर शिवकाशीत उघडला की तमिळ अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, ओळ मोडे, चित्र घसरे. एकच मजकूर जितक्या यंत्रांवर उघडावा तितके त्याचे अवतार. मग पीडीएफ आली. अक्षर, त्याचा आकार, त्याची जागा, चित्र, रंग, सारे आत घालून गाठ मारलेली. कुठेही उघडा, कोणीही उघडा, पान तेच. सुडलैमुत्तूने या फाईलीवर जेवढा विश्वास ठेवला तेवढा कोणत्याही माणसावर ठेवला नाही. हाताखालच्या लोकांना तो सांगे की पीडीएफ म्हणजे दिलेला शब्द; ती बदलत नाही, बदलतात ती माणसे. फाईलीत असलेले नाव कागदावर आले नाही, असे जो म्हणेल तो एक तर आंधळा किंवा खोटा. हा सिद्धान्त त्याने आठ वर्षांत इतक्यांदा मांडला होता की त्याला विरोध करणारा कोणी उरला नव्हता.

आता तो छपाईच्या प्लेटा जिथे बनत त्या प्लेटच्या खोलीत जाऊन संगणकासमोर बसला आणि त्याने फाईल उघडली.

नाव होते. किरमिजी पट्टीवर, मधोमध, पांढरे शुभ्र: त. तवसीलिंगम, तिरुत्तंगल. त्याने ती दुसऱ्या संगणकावर उघडली, नाव होते. फोनवर पाठवून पाहिली, तिथेही होते. मग उठून त्याने मशीनवरून उतरवलेल्या, चार शाईंच्या चारी प्लेटा उजेडात तपासल्या. चारींवर पट्टी सलग. फाईलीची वेळ पाहिली: ज्या सकाळी त्याने स्वतः ती बनवून बंद केली त्यानंतर तिला कोणाचा हात लागलेला नव्हता. तो पुन्हा मशीनपाशी गेला, पुन्हा परतला, पुन्हा फाईल उघडली, जणू मधल्या वेळात ती कबुलीजबाब देणार होती. इसक्कीने दुसरीच प्लेट चढवली असेल का, तर प्लेटा त्याच होत्या. तवसीलिंगमनेच कोणाला हाताशी धरले असेल का, हेही मनात येऊन गेले, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटण्याऐवजी थोडे बरे वाटले, याची मात्र लाज वाटली. चहा आला, त्यावर साय धरली, तो तसाच परत गेला. दुपारपर्यंत त्या दोन खोल्यांमधल्या वीस पावलांच्या वाटेवर त्याने किती फेऱ्या घातल्या हे इसक्कीने मोजले आणि जेवणाच्या वेळी सर्वांना सांगितले.

अण्णाच्चींनी बोलावले तेव्हा ते पान त्यांच्यासमोर होते. कनकवेल अण्णाच्ची आवाज चढवणारे नव्हते. आडी अठराला बावीसही एजंट येणार, देवापुढे आल्बम उघडले जाणार आणि त्या दिवसापासून पौषापर्यंत प्रेसचे पोट त्यांच्या पायांवर चालणार, हे त्यांनी आधी सांगितले. ते सुडलैमुत्तूला ठाऊक होते. पान पुन्हा छापता येईल, हेही ते म्हणाले. मग त्यांनी बोट पट्टीवर ठेवले.

“फाईलीत नाव आहे ना?”

“आहे अण्णाच्ची.”

“आणि कागदावर नाही. म्हणजे मधे माणूस आला. हे तुझंच म्हणणं, मी तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलंय. मधे तर तूच बसतोस, मुत्तू.”

तो म्हणाला की मी नाव काढलेले नाही. अण्णाच्चींनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. घरचा राग माणसाला होतो, ते समजू शकतात, असे ते म्हणाले. राग प्लेटवर उतरवणारा माणूस मात्र त्यांना प्लेटच्या खोलीत चालणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत नाव कसे गेले ते सांग. सांगता आले नाही, तर पूजेनंतर किल्ली इसक्कीकडे दे.

एकवीस वर्षे ती किल्ली त्याच्या कमरेला होती. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही ती किल्लीमुळे नव्हे. पान उद्या नव्याने छापले जाईल, पण मामाने भाचीच्या बापाचे नाव पुसले ही गोष्ट छापल्याशिवायच गावभर जाईल, पेच्चियम्माच्या कानांवर जाईल, आणि ती कधीच पुसता येणार नाही. त्यातून आणखी एक विचार कुसासारखा टोचत होता. अण्णाच्चींनी त्याला जे ऐकवले तेच त्याने थोडक्यात तवसीलिंगमला ऐकवले होते. त्याने नाव काढलेले नव्हते, आणि तरीही ते वाक्य जसेच्या तसे त्याला लागू पडत होते. मग ज्याला ते आठ वर्षांपूर्वी लागू केले त्याने तरी काढले होते, हे कशावरून?

सकाळी तो मोपेड घेऊन तिरुत्तंगलला निघाला. स्वतःशी त्याने कारण ठरवले होते: मंजुरीसाठी हीच फाईल तवसीलिंगमच्या फोनवर गेली होती, ती तिथे कशी दिसते ते पाहायचे. वाटेत वाऱ्याने दोनदा गाडी कडेला ढकलली.

पेच्चियम्मा दारातच भाजी निवडत होती. तिने वर पाहिले, सूप बाजूला ठेवले आणि पदर सारखा केला.

“घर सापडलं का अण्णा? आठ वर्षांत गल्लीला दोन वळणं वाढलीत, चुकला असतास.”

तिने पाणी दिले. आत खाटेवर तवसीलिंगम बसला होता. तो उठला नाही, पण त्याने पायही पसरून ठेवले नाहीत. बातमी त्याच्यापर्यंत आदल्या दुपारीच पोचली होती, प्रेसमधून कोणी ना कोणी फोन केलाच होता. सुडलैमुत्तूने फाईलीबद्दल विचारले. तवसीलिंगमने फोन पुढे केला. पडद्यावर नाव होते, पांढरे शुभ्र.

“आहे ना फाईलीत?” तवसीलिंगम म्हणाला. “मग आता मी म्हणू, मच्चान? हे तुम्ही आज घातलंत?”

पेच्चियम्मा आतल्या खोलीत गेली. कपाटाचे दार कुरकुरले, आणि ती परत आली तेव्हा तिच्या हातात लेकीच्या रेशमी परकराच्या घडीत जपलेली एक पत्रिका होती. ती तिने भावाच्या मांडीवर ठेवली.

“तेव्हा ही वाचून उठून गेलास. आज बसून बघ.”

त्याने पाहिले. हळदी रंगाचा कागद, वर कुलदेवता, खाली तिथी, मुहूर्त, आजोबांची नावे, काकांची नावे, सारे काळ्या अक्षरांत. आणि सर्वांखाली, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढलेली, एक किरमिजी पट्टी. रिकामी.

ही पट्टी त्याने तेव्हाही पाहिली होती. तिच्यावरून डोळे फिरवून तो वर गेला होता, पुन्हा खाली आला होता, नावांच्या रांगेत स्वतःचे नाव शोधत होता. पट्टीकडे नक्षी म्हणून पाहिले आणि सोडून दिले. दिवसाला पन्नास पाने भिंगाखाली घालणाऱ्या माणसाला एवढा साधा प्रश्न पडला नव्हता, की जिच्यावर काही लिहायचेच नाही ती पट्टी, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढून, कोणी कशाला छापील? ती मानाची जागा होती. एकाच नावासाठी राखलेली.

त्याने भिंग काढून पत्रिकेवर टेकवले. किरमिजीत कुठेही खंड नव्हता. कालच्या तावासारखाच. आठ वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या छापखान्यांत, दोन वेगळ्या मशीनींवर, एकाच रंगाच्या पट्टीवरचे पांढरे नाव त्याच रीतीने नाहीसे झाले होते. या दोन्हींत सामाईक असे काय होते? इसक्की नव्हता. तवसीलिंगमचा हात पहिल्याला लागला होता, दुसऱ्याला नव्हता. सामाईक होता तो एक साचा: काळ्या अक्षरांची कोरी फाईल, जी सुडलैमुत्तूने बस स्टँडमागच्या खोलीत बनवली, तवसीलिंगमला वापरायला दिली आणि पुढे प्रेसमध्येही वापरायला घेतली.

तेव्हा त्याला सारे समजले.

काळे अक्षर रंगीत पट्टीवर छापायचे तर खालचा रंग अक्षराच्या आकारात कापायचा नसतो; कागद केसभर जरी सरकला तरी अक्षराभोवती पांढरी रेघ उघडी पडते. म्हणून काळ्या अक्षराला एक हुकूम देऊन ठेवतात: खालचे कापू नकोस, वरून छाप. फिल्मच्या काळात शिकलेला हा नियम सुडलैमुत्तूने त्या साच्यातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा बांधला होता. पांढरे अक्षर ही मात्र वेगळी चीज आहे. पांढरी शाई मशीनमध्ये नसते; पांढरे म्हणजे कापून उघडा ठेवलेला कागद. यंदा किरमिजी पट्टी करताना त्याने काळे नाव निवडले आणि त्याचा रंग तेवढा पांढरा केला. हुकूम तसाच राहिला. खालचे कापले गेले नाही, आणि वरून छापायला काही नव्हते. पडदा भिडस्त असतो; तो पांढरे दाखवत राहतो. प्लेटला भीड नसते.

ही चूक नवशिक्यांची. तिच्यासाठी त्याने कितीतरी पोरांना फैलावर घेतले होते. तपासणीचा प्रोग्रॅम ही खूण लाल अक्षरांत दाखवतो. पण पंचांगाच्या तीनशे पासष्ट पानांवरच्या प्रत्येक काळ्या अक्षराबद्दल तो ओरडे, म्हणून सुडलैमुत्तूने फार पूर्वी ती सूचनाच बंद करून टाकली होती. माझ्या साच्यात हे होणार नाही, असे त्याने तेव्हा म्हटल्याचेही त्याला आठवले.

“मापिळ्ळै,” तो म्हणाला. आठ वर्षांत हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. “कालचं नाव माझ्या हातून गेलं. मुद्दाम नव्हे. पण माझ्याच हातून.”

तवसीलिंगमने त्याच्या मांडीवरच्या पत्रिकेकडे पाहिले.

“आणि हे,” त्याने पत्रिकेवर तळहात ठेवला, “हेही. तू नाव घातलं होतंस. साचा माझा होता.”

मग त्याने सारे समजावून सांगितले, हुकूम, काळे, पांढरे, पडदा. आणि सांगताना त्याला जाणवत होते की आपण अजूनही फाईलीबद्दलच बोलत आहोत. पेच्चियम्मा भिंतीला टेकून उभी होती. तिला त्यातले किती कळले कोण जाणे. तवसीलिंगमला मात्र सगळे कळले, तोही त्याच खोलीत शिकलेला होता.

“तुमचं नाव मी सगळ्यांच्या रांगेत टाकलं असतं,” तवसीलिंगम म्हणाला, “तर काळं राहिलं असतं. छापलं गेलं असतं. वेगळं उठून दिसावं म्हणून पट्टी केली.” त्याने फोन खिशात घातला. “त्या दिवशी पडद्यावर फाईलीची जुनी तारीख खालीच लिहिलेली होती, मच्चान. तुम्ही नजर खाली नेली असती तरी पुरलं असतं.”

पेच्चियम्माने जेवून जा म्हटले नाही. कारसेवची, म्हणजे तिखट शेवेची, पुडी हातात ठेवली आणि वाऱ्यात गाडी सांभाळून चालव म्हणाली.

संध्याकाळच्या आत त्याने अण्णाच्चींना सांगितले. सोपे उत्तर त्याच्या हाती आयते होते: मशीनवर ढकलले असते तर इसक्कीने चार दिवस तोंड वाकडे करून सोडून दिले असते. पण त्याने साच्यापासून बंद केलेल्या सूचनेपर्यंत सारे क्रमाने मांडले. अण्णाच्ची ऐकत राहिले. त्यांना राग समजला असता, असे ते म्हणाले, हे त्याहून कठीण आहे. एकवीस वर्षे आपण एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबून निजलो आणि त्याने एक डोळा मिटून ठेवला होता. किल्ली मात्र त्यांनी मागितली नाही. पूजेच्या आधी हेच सगळे एजंटांपुढे तू स्वतः सांगायचे, एवढेच त्यांनी बजावले.

दुसऱ्या दिवशी नवे पान छापून झाले, आणि सुडलैमुत्तूने ती सूचना पुन्हा चालू केली. लाल ओळींची रांग पडदाभर धावू लागली, हजारोंनी. बहुतेक काळ्या अक्षरांच्या, निरुपद्रवी. तरी त्याने एकेक तपासायला घेतली. यंदाच्या झाल्यावर गेल्या सालच्या उघडल्या. गेल्या सालच्या संपण्याआधीच त्याच्या आधीच्या सालांचा विचार डोक्यात घोळू लागला: लग्नांच्या पत्रिका, दुकानांच्या उद्घाटनाची पत्रके, श्राद्धाच्या दिवशी वाटलेली स्मरणपत्रे. त्याच साच्यातून किती पाने निघाली, त्यांतल्या कितींवर गडद पट्ट्या होत्या? कोण कोणाच्या ताटावरून उठून गेले असेल, आणि अजून परतले नसेल? इसक्कीने जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

आडी अठराला देवापुढे चित्रान्नाचे द्रोण मांडले होते, आणि बावीस एजंट सतरंजीवर बसले होते. सुडलैमुत्तूने उभे राहून सांगितले. त्याचे बोलणे थोडक्यात नव्हते. कशातलाही तपशील गाळणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि आज तर त्याने ते हट्टाने टाळले. मागून कोणी तरी म्हणाले की पुढच्या साली मला पिवळ्या पट्टीवरच राहू द्या, नाव तरी दिसतं. लोक हसले. तवसीलिंगम हसला नाही. आल्बम हातात आल्यावर त्याने पुढची चित्रे पाहिली नाहीत. पहिले पान उघडून पट्टीवरून अंगठा फिरवला, नाव निघून येते का हे पाहावे तसा, मग आल्बम मिटून काखेत घेतला.

सुडलैमुत्तूचे लक्ष मात्र तिकडे नव्हते. अण्णाच्चींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर प्रेसने छापलेली जुनी कॅलेंडरे साल-दर-साल टांगलेली होती, आणि त्यांतल्या एकाच्या, तो रोज ज्याच्यासमोरून जात असे त्याच्या, तळाशी गडद हिरवी पट्टी होती. रिकामी. दुकानाचे नाव वर होते, पत्ता वर होता. खाली कोणाचे असावे?

तो लोकांमधून वाट काढत भिंतीपाशी गेला आणि त्याने भिंग काढले. वारा खिडकीतून आत येत होता. कॅलेंडर भिंतीवर फडफडत होते आणि भिंग पट्टीवर ठरत नव्हते. मागून एक हात पुढे आला आणि त्याने कॅलेंडरची खालची कड भिंतीशी घट्ट धरून ठेवली. काखेतला आल्बम त्या खटपटीत घसरत होता.

“बघा, मच्चान,” तवसीलिंगम म्हणाला. “मी धरलंय.”